इंग्रजीच्या स्पीकिंग परीक्षेत ‘आपला’ ॲक्सेंट चालतो का? आणि स्लँग वापरली तर गुण वाढतात की कापले जातात?

‘सात बँड हवे असतील तर आधी इंडियन ॲक्सेंट सोडा’ असं बजावणारं एक रील येतं. बोटाने वर सरकवलं की पुढचं रील सांगतं, ‘ॲक्सेंटचा काही संबंध नाही, बिनधास्त बोला.’ तिसऱ्यात कुणीतरी पन्नास इंग्रजी वाक्प्रचारांची पीडीएफ विकत असतं. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी हजारो रुपये भरून परीक्षेची तारीख घेतलेल्या मुलामुलींनी यातलं नेमकं काय खरं धरायचं?

थोडक्यात उत्तर असं, की ॲक्सेंट आहे म्हणून गुण कापले जात नाहीत. समोरच्याला समजून घ्यायला त्रास पडला, तर त्या त्रासाचे कापले जातात. स्लँगचंही तसंच आहे. ती बंद नाही, पण चुकीच्या जागी आली की लगेच कळते. भारतात सर्वाधिक चर्चेत असलेल्या आयईएलटीएस परीक्षेवरून हे नीट पाहता येतं.

परीक्षक नेमकं काय मोजतो?

आयईएलटीएसचा स्पीकिंग भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. समोर माणूसच असतो, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर, आणि सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. आधी घर, काम, आवडीनिवडी यांवर चार-पाच मिनिटं साधे प्रश्न. मग एक कार्ड हातात मिळतं, तयारीला एक मिनिट आणि त्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. शेवटी त्याच विषयाच्या आसपासची, जरा वैचारिक चर्चा.

गुण चार गोष्टींना आणि चारींना सारखेच: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे उच्चारांचा वाटा २५ टक्के. कुणाला ओघ आणि शब्दसंपत्तीत ७, व्याकरण आणि उच्चारात ६ मिळाले तर स्पीकिंगचा बँड ६.५ येतो. उच्चारांसाठी महागडा वेगळा क्लास लावण्याआधी हे गणित मांडलेलं बरं, कारण अनेकांचे गुण खरं तर व्याकरणात अडकलेले असतात.

आता उच्चारांचे निकष. ते कुणालाही वाचता येतात, परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच ते प्रसिद्ध केलेले आहेत. ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंगात बोला, असं त्यात कुठेही नाही. आठव्या बँडला ॲक्सेंटमुळे समजण्यात नाममात्र फरक पडावा आणि नवव्याला अजिबात पडू नये, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे नऊ बँड मिळवणाऱ्यालाही स्वतःचा ॲक्सेंट असणार, हे निकषांनी गृहीतच धरलंय. गंमत म्हणजे त्याच परीक्षेच्या लिसनिंग भागात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेचे असे वेगवेगळे आवाज ऐकवतात. ‘एकच बरोबर इंग्रजी’ असं परीक्षाच मानत नाही.

‘वेगळं वाटणं’ आणि ‘न समजणं’ यात फरक आहे

या विचारामागे संशोधन आहे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या अभ्यासकांनी १९९५ साली चिनी भाषक विद्यार्थ्यांचं इंग्रजी मूळ इंग्रजी भाषकांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांनी तीन कामं करायची होती: जे ऐकलं ते लिहून काढणं, समजायला किती सोपं गेलं ते सांगणं आणि ॲक्सेंट किती गडद वाटला ते सांगणं. निष्कर्ष असा निघाला, की ज्यांचा ॲक्सेंट गडद वाटला त्यांचंही बोलणं पुष्कळदा शब्दनशब्द बरोबर लिहिलं गेलं होतं. हेल वेगळा असणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ठळक झालं.

पुढे २००० साली जेनिफर जेन्किन्स यांनी आणखी व्यवहारी प्रश्न विचारला. वेगवेगळ्या देशांतली माणसं आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा कोणते उच्चार चुकले की गाडी अडते आणि कोणते चुकले तरी कुणाचं काही बिघडत नाही? त्यांची यादी सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण शिकणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या सीईएफआर या चौकटीतही २०१८ साली उच्चारांचे निकष नव्याने लिहिले गेले आणि मातृभाषकाची नक्कल करण्याऐवजी बोलणं समजण्यावर भर आला.

मराठी तोंडाला काय बदलावं लागतं, काय नाही

इथे मराठी भाषकांसाठी चांगली बातमी आधी. ‘टेबल’, ‘डॉक्टर’ मधले ट आणि ड आपण जीभ वर वळवून म्हणतो. भारतीय इंग्रजीची ही सगळ्यात ठळक खूण, पण त्यामुळे शब्द कळला नाही असं क्वचितच होतं. ‘थ्री’ आणि ‘दॅट’ आपल्या थ-द ने म्हटले तरी चालतं. जेन्किन्स यांच्या यादीत तर हे आवाज अत्यावश्यक गटात नाहीतच. ‘स्कूल’, ‘स्टेशन’, ‘स्प्रिंग’ यांच्या सुरुवातीच्या जोडाक्षरांनी अनेक भाषांच्या लोकांना घाम फुटतो, पण ‘स्त्री’, ‘स्पष्ट’, ‘स्नान’ रोज म्हणणाऱ्याला त्यात काय अवघड?

अडचण असते ती वेगळीकडेच, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पहिली जागा म्हणजे प, ट, क. इंग्रजीत हे आवाज शब्दाच्या सुरुवातीला, आघात असलेल्या अक्षरात आले की त्यांच्याबरोबर हवेचा छोटा झोत बाहेर पडतो, जवळजवळ आपल्या फ-ठ-ख सारखा. आपला प कोरडा असतो. त्यामुळे ‘पेअर’ हा शब्द इंग्रजी कानाला ‘बेअर’ आणि ‘कोट’ हा ‘गोट’ वाटू शकतो. याची दुसरी बाजू फ ची. काही जण ‘फाइल’ मधला फ ‘फळ’ सारखा, दोन्ही ओठ मिटून म्हणतात. इंग्रजी कानाला तो चक्क प वाटतो आणि ‘फाइल’ची ‘पाइल’ होते. उपाय सोपा आहे. प म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे आणि फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत.

दुसरी जागा व ची. ‘व्हिसा’ आणि ‘विंडो’ लिहिताना मराठी हा फरक पाळते, एकीकडे व्ह आणि दुसरीकडे व. बोलताना मात्र दोन्ही एकच होतात. मग ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांत ऐकणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो. एकाचा उच्चार ओठांचा चंबू करून होतो, दुसऱ्याचा दात ओठावर टेकवून.

तिसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. शाळेत वेलांट्यांवरून मार खाल्लेल्या पिढ्यांना हे वाचून हसू येईल, पण मराठी बोलण्यात इ आणि ई यांवर अर्थ फारसा अवलंबून नसतो. इंग्रजीत असतो. ‘मला इथे राहायचंय’ हे सांगायला ‘आय वॉन्ट टू लिव्ह हिअर’ म्हणायचं असतं. तो ‘लिव्ह’ लांबला आणि ‘लीव्ह’ झाला की अर्थ होतो ‘मला इथून जायचंय’. ‘मेन’ आणि ‘मॅन’ यांचीही अशीच गफलत होते. काही बोलींमध्ये श आणि स एकमेकांच्या जागी येतात, तिथे ‘शी’ आणि ‘सी’ वेगळे ठेवण्याचा सराव करावा लागतो.

शेवटची जागा आघाताची, आणि गुणांवर बहुधा तिचाच परिणाम सर्वाधिक होतो. मराठीत शब्दातली अक्षरं साधारण सारख्या जोराने येतात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची आखडतात. ‘फोटोग्राफ’ मध्ये जोर ‘फो’ वर, पण ‘फोटोग्राफर’ मध्ये तो ‘टो’ च्या जागी सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’ च्या जवळ जातो. ‘डेव्हलपमेंट’ मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर असतो. वाक्यातही नेमक्या शब्दावर जोर देता आला पाहिजे. ‘मी मुंबईत नाही, पुण्यात राहते’ असं सांगताना आपण मराठीत ‘पुण्यात’ वर वजन देतोच. तेच इंग्रजीत करायचं. सगळं एका सुरात, पाठ केल्यासारखं आलं की उच्चारांचा बँड खाली येतो, भले एकेक शब्द बरोबर असो.

वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी, कोल्हापुरी असा जो काही हेल वाक्यात राहील, तो राहू द्यावा. त्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.

उसना ॲक्सेंट महाग का पडतो?

दोन महिन्यांत अमेरिकन होण्याचा प्रयत्न करणारे उमेदवार एका ठरावीक पद्धतीने अडचणीत येतात. पहिली दोन मिनिटं ‘र’ छान वळतो. मग अवघड प्रश्न येतो, डोकं विचारात गुंततं आणि मूळ आवाज परत येतो. एकाच उत्तरात ‘डान्स’ आणि ‘डॅन्स’ दोन्ही ऐकू येतात. काही जण उत्साहात नसलेला ‘र’ घालतात आणि ‘आयडिया’ची ‘आयडियर’ होते. एवढं सगळं सांभाळताना बोलण्याचा वेग अडखळतो आणि फटका उच्चारांपेक्षा ओघाच्या गुणांना बसतो. उच्चारांत जास्तीत जास्त मिळवायला गेलेला माणूस दुसऱ्या रकान्यात गमावतो.

लहानपण परदेशात गेलेल्यांचा किंवा वर्षानुवर्षं तिथल्या लोकांबरोबर काम केलेल्यांचा ॲक्सेंट तसा असेल, तर तो बदलायचंही कारण नाही. ग्लासगोत वाढलेल्या मराठी मुलीने स्कॉटिश ढंगात बोलावं हेच नैसर्गिक.

स्लँग: कुठे शोभते, कुठे नाही

स्पीकिंग ही निबंधाची परीक्षा नाही. ‘गोइंग टू’ च्या जागी ‘गॉना’, ‘चिल्ड्रन’ ऐवजी ‘किड्स’, कंटाळा आला हे सांगताना ‘फेड अप’ हे सगळं बोलण्याचंच इंग्रजी आहे आणि परीक्षकाला त्यात वावगं काही वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी काय करता या प्रश्नाला अर्जाच्या भाषेत उत्तर देणारा उलट अवघडलेला वाटतो.

पण निकषांमध्ये शब्दांच्या योग्यतेचीही नोंद होते. शहरीकरणाचे परिणाम काय, या तिसऱ्या भागातल्या प्रश्नाला ‘ब्रो, इट्स लाइक टोटली क्रेझी’ म्हणणं म्हणजे व्याख्यानाला बर्म्युडा घालून जाणं. ‘एन्ट’, ‘वी वॉज’, वाक्याच्या शेवटी ‘इनिट’ अशी रूपं ब्रिटनच्या काही भागांत सर्रास चालतात. ती तिथे वाढलेल्याच्या तोंडी बोली म्हणून ओळखू येतात. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याने वेब सिरीजमधून उचलली, तर परीक्षक त्यांची नोंद व्याकरणाची चूक म्हणून करण्याचीच शक्यता जास्त. स्कॉटलंडचं ‘वी’ म्हणजे छोटंसं, ऑस्ट्रेलियाचं ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार. असे शब्द खरोखर सवयीचे असतील तरच यावेत.

‘इडियमॅटिक’ म्हणजे वाक्प्रचारांची यादी नव्हे

पन्नास वाक्प्रचारांची पीडीएफ खपते ती एका शब्दाच्या गैरसमजावर. निकषांत वरच्या बँडसाठी ‘इडियमॅटिक’ भाषेचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ ‘इडियम्स’ असा लावला गेला आणि मांजरं-कुत्री पावसासारखी पाडण्याची स्पर्धा सुरू झाली.

मराठीच्या उदाहरणाने हे चटकन कळेल. पाऊस ‘पडतो’, सर्दी ‘होते’, फोन ‘लावतात’, झोप ‘लागते’. एखाद्या परदेशी माणसाने हे सहज, बरोबर म्हटलं तर आपण म्हणतो, काय छान मराठी बोलतो हा! तोच माणूस दर तिसऱ्या वाक्याला ‘माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली’ किंवा ‘मी आकाशपाताळ एक केलं’ म्हणू लागला तर हसू येईल. ‘इडियमॅटिक’ म्हणजे पहिला प्रकार: कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द येतो याची जाण. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो, निर्णय ‘मेक’ करतात. कॉफी ‘स्ट्राँग’, पण वाहतूक ‘हेवी’. हे जमलं की शब्दसंपत्तीचे गुण वाढतात. पाठ केलेली वाक्यं तर परीक्षकांना ओळखता येतातच, कारण मधेच आवाजाची चाल बदलते.

भारतीय इंग्रजीतले सापळे

ही चुकांची यादी नाही. यातले बरेच शब्द भारतात पूर्णपणे रूढ आहेत आणि ‘प्रीपोन’ सारखा शब्द तर ऑक्सफर्डच्या कोशातही गेला आहे. प्रश्न एवढाच, की समोरच्याला अर्थ कळतो का.

‘आय पास्ड आउट इन २०२२’ याचा अर्थ आपल्याकडे ‘मी पदवीधर झालो’. ब्रिटनमध्ये बहुतेकांना ‘मी बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणतात. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून इंग्रजीतही ‘गिव्ह’ करतो, तिथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ करतो तो परीक्षा घेणारा. ‘आमच्या घरामागे हॉटेल आहे, तिथे जेवतो’ हे सांगताना ‘हॉटेल’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुक्कामाच्या खोल्या येतात. आणि ‘बॅकसाइड’ हा शब्द तर घराच्या बाबतीत वापरूच नये, कारण इंग्रजीत तो माणसाच्या शरीराच्या एका भागाचं नाव आहे. ‘आय ॲम फ्रॉम सातारा ओन्ली’ मधला ‘ओन्ली’ हा आपला शेवटचा ‘च’. ‘मी साताऱ्याचाच’ हे ऐकायला गोड, पण परीक्षक व्याकरणाच्या रकान्यात ते टिपू शकतो. लाख आणि कोटी सांगायचे असतील तर एकदा ‘हंड्रेड थाउजंड’ असा खुलासा करावा.

वडापाव, गणपतीची आरास, वारी असे शब्द मात्र बेलाशक वापरावेत. जोडीला अर्ध्या वाक्यात ते काय आहे हे समजावून सांगितलं, की तेच शब्दसंपत्तीचं चांगलं उदाहरण ठरतं. एखादी गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे कौशल्य निकषांत नावानिशी आहे.

परिचारिकांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएस मध्ये स्पीकिंगला ७ लागतात. दुसरा पर्याय ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रासाठीच बनवलेली परीक्षा. त्यात स्पीकिंगला ‘बी’ श्रेणी हवी. ओईटीत सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग रंगवायचे असतात, उमेदवार परिचारिका आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक. समोर बसलेली व्यक्ती गुण देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरे परीक्षक देतात.

इथे भाषा ‘योग्य’ आहे का याला वेगळे गुण आहेत आणि भारतीय रुग्णालयांतली बोली इथे अडते. ‘लूज मोशन्स’ म्हणजे काय हे ब्रिटिश रुग्णाला कळेलच असं नाही, तिथे ‘डायरिया’ म्हणतात. आपल्याकडची ‘गिडीनेस’ तिकडे सहसा ‘डिझी’ या शब्दाने सांगितली जाते. आणि रुग्ण ‘एक्स्पायर’ झाला हे नातेवाइकाला सांगणं तर फारच खटकतं. तिथे एक्स्पायर होतं ते दूध किंवा पासपोर्ट. दुसऱ्या टोकाला, वैद्यकीय जडशब्दांचा मारा केला तरी गुण जातात, कारण रुग्णाला साध्या शब्दांत सांगणं हीच तर परीक्षा आहे. ही तयारी गुणांपुरती नाही. उद्या वॉर्डात रात्री दोन वाजता फोनवर औषधाचं प्रमाण सांगताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक ऐकू आलाच पाहिजे.

समोर माणूस नसेल तर?

पिअर्सनच्या पीटीई परीक्षेत उमेदवार मायक्रोफोनशी बोलतो आणि उच्चार व ओघ यांचे गुण संगणक देतो. संगणकाला चेहऱ्यावरून अंदाज येत नाही, तो ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का’ असं मान डोलावून समजूनही घेत नाही. अडखळणं, शब्द पुन्हा उच्चारणं, मधले लांब विराम यांचा तिथे थेट हिशेब होतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियात, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या एका आयरिश महिलेला अशाच परीक्षेत तोंडी भागात स्थलांतरासाठी हवे तितके गुण मिळाले नाहीत, याची मोठी बातमी झाली होती. कंपनीने गुणांकनात दोष असल्याचं नाकारलं. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दिसते: इंग्रजी मातृभाषा असणं हा यंत्रासमोर परवाना ठरत नाही. अशा परीक्षेआधी स्वतःच्या मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून ऐकणं, आणि फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत काय उमटतं ते पाहणं, ही फुकटातली चांगली चाचणी आहे. यंत्राने ‘लिव्ह’चं ‘लीव्ह’ लिहिलं तर सराव कुठे हवा ते कळतं.

गुण अन्यायाने कमी आले असं वाटलं तर

आयईएलटीएसचे परीक्षक प्रशिक्षित असतात आणि त्यांना ठरावीक मुदतीने पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तरी शेवटी तीही माणसंच. म्हणून ठरावीक मुदतीच्या आत फेरतपासणीचा अर्ज करता येतो. तेव्हा रेकॉर्डिंग दुसरा वरिष्ठ परीक्षक ऐकतो आणि बँड बदलला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना २०२३ पासून भारतात फक्त एकच भाग, उदाहरणार्थ स्पीकिंग, पुन्हा देण्याची सोय आहे. ती मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत वापरावी लागते. मात्र अशा फेरपरीक्षेचा निकाल सगळीकडे स्वीकारला जातो असं नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या विद्यापीठाला किंवा संबंधित कौन्सिलला विचारून घ्यावं.